बिस्किटाच्या डब्यातली काळी काच

तापीकाठ (मंगळवार, रात्री 9:12)

मंडळी, जरा डोकं लावा. शहादा तालुक्यातलं आमचं धाब्याचं, म्हणजे मातीच्या छताचं, घर उतरवायला काढलंय, स्लॅब टाकायचाय. मागल्या खोलीच्या फडताळात आजोबांचा बिस्किटांचा पत्र्याचा डबा निघाला. हलवला तर खडखड. वाटलं, जुनी नाणी. उघडला तर दगड. मोजले, एकतीस.

त्यातले तीस आपल्याकडचेच दिसतात. दुधी, करडे, दोनचार लालसर, आम्ही ज्याला गारगोटी म्हणतो तसले. पण बरेचसे लांबट आणि पातळ, दोन्ही कडा समांतर, जणू दाढीच्या पात्याचे तुकडे. एकतिसावा मात्र या बिऱ्हाडातला नाही. काळा कुळकुळीत, काचेसारखी चकाकी. साडेचार सेंटिमीटर लांब, तीन रुंद. एका टोकाला कोणीतरी बारीक बारीक टवके उडवून गोलसर धार केली आहे. मोबाइलची बॅटरी मागे धरली की पातळ कडेतून हिरवट उजेड येतो. पुसायला गेलो आणि अंगठा कापला, म्हणजे धार अजून शाबूत आहे.

नेटवर चित्रं पाहून ऑब्सिडियन वाटतंय, ज्वालामुखीची काच. प्रकाशं आमच्या गावापासून सायकलच्या अंतरावर आहे, तिथं कधीकाळी उत्खनन झालं होतं एवढं ऐकून आहे. तर प्रश्न दोन. हे खरंच ऑब्सिडियन आहे का? आणि असेल तर आमच्या फडताळात आलं कुठून?

केळीचा घड (9:20)

बिअरनी बाटली शे भो.

तापीकाठ (9:24)

आजोबा माळकरी होते.

भरीतपुरी (9:31)

माळकऱ्याच्या वावरातबी बाटल्या निघतात. वावर रस्त्याला लागून असलं म्हणजे झालं.

निवृत्त मास्तर (रात्री 10:48)

थट्टा बाजूला ठेवू. प्रकाश्याचं उत्खनन 1954-55 मध्ये झालं, भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या बा. कृ. थापर यांनी केलं. गोमाई जिथे तापीला मिळते तिथलं ते मोठं टेकाड. सगळ्यात खालच्या थरात ताम्रपाषाण काळातली वस्ती, रंगवलेली मडकी, थोडं तांबं आणि गारगोटीची बारीक हत्यारं. गिरणेकाठी बहाळला म. न. देशपांडे यांनी खणलं. साक्री तालुक्यातलं कवठे, तापीकाठचं सावळदा, ज्याच्या नावाने एक अख्खी संस्कृती ओळखली जाते, ही सगळी नावं आपल्या उंबऱ्याशी आहेत. चाळीसगाव तालुक्यात पाटण्याला सु. आ. साळी यांना शहामृगाच्या अंड्यांच्या टरफलाचे मणी मिळाले, सुमारे 25 हजार वर्षांपूर्वीचे. खानदेशात शहामृग हिंडत होते, हे मी वर्गात सांगायचो तेव्हा पोरं हसायची.

तुमच्या डब्यातली ती पातळ, समांतर कडांची पाती याच ताम्रपाषाण घराण्यातली दिसतात. लाकडाच्या किंवा हाडाच्या खाचेत ओळीने बसवली की विळा तयार. त्या काळच्या शेतकऱ्याच्या घरात ती आपल्या खिळ्यांइतकी सर्रास असत.

काळ्या काचेबद्दल मात्र मला शंका आहे. आपल्याकडे काळं आणि चकचकीत म्हणजे बहुतेक वेळा लोखंडाचा कीट, म्हणजे धातू वितळवताना उरलेला मळ, नाहीतर वीटभट्टीतलं खंगर. भट्टीत जास्त भाजलेली वीट काचेसारखी होते, पाहिली असेल.

खडकवेडी (बुधवार, सकाळी 7:05)

मूळची चाळीसगावची, आता पुण्यात, पोटापाण्यासाठी दगडच बघते. मास्तरांनी बरोबर जागी बोट ठेवलंय. आधी बाटली, कीट आणि खंगर बाजूला काढू.

भिंगातून बघा. कीट आणि खंगर यांत बुडबुड्यांची भोकं असतात, लहानमोठी, वेडीवाकडी. लोहचुंबक दोऱ्याला बांधून जवळ न्या, कीट असेल तर तो बऱ्याचदा ओढला जातो. या दोन्हीतून पार पडला तर वजन. दगड कोरडा तोला, मग दोऱ्याने पाण्यात लटकवून तोला. कोरड्या वजनाला दोन्हींतल्या फरकाने भागा. बाटलीची काच 2.5 च्या आसपास येते, गारगोटी 2.6, आपला काळा दगड 2.9 च्या पुढेमागे, कीट 3 च्या वर. ऑब्सिडियन सगळ्यांत हलकं, 2.35 ते 2.4. फरक इतका बारीक आहे की किराणा दुकानाचा काटा चालणार नाही, सोनाराचा लागेल.

दुसऱ्या प्रश्नाचं अर्धं उत्तर आत्ताच देते. ते ऑब्सिडियन असेल तर खानदेशातलं नाही. सातपुड्यापासून सह्याद्रीपर्यंत पायाखाली सगळा ज्वालामुखीच आहे हे खरं, पण तो चुकीच्या जातीचा. ऑब्सिडियनला सिलिका सत्तर टक्क्यांच्या वर असलेला, घट्ट, चिकट लाव्हा लागतो. तो इतका चिकट की कण जागचे हलायच्या आत थिजतो, स्फटिक बनायला सवडच मिळत नाही, म्हणून काच. आपला बेसाल्टचा लाव्हा पन्नास टक्क्यांच्या आतबाहेर, पातळ, वरणासारखा पसरणारा. त्यात स्फटिक बनतात. धुळे-नंदुरबारकडे भिंतीसारख्या सरळसोट डोंगररांगा दिसतात ना, त्या भेगांत थिजलेल्या लाव्ह्याच्या. अशा भिंतीच्या अगदी कडेला, जिथे गार खडकाला लाव्हा टेकला, तिथे बोटभर काळी काच बनू शकते. पण आपला लाव्हा साडेसहा कोटी वर्षांचा. काच हा अस्थिर पदार्थ, एवढ्या काळात ती कुजते, पाणी पिते, मातकट होते. तिची असली धार निघत नाही.

उत्खननाची माती (सकाळी 8:40)

ताई, एक दुरुस्ती. महाराष्ट्रात ज्वालामुखीची ताजी काच अजिबात नाही असं नको म्हणायला. पुणे जिल्ह्यात कुकडीकाठी बोरीला राखेचा थर आहे. ती राख म्हणजे सूक्ष्म काचेचे तुकडेच, आणि रासायनिक ओळख पटवून ती सुमात्रातल्या टोबा ज्वालामुखीची ठरली. 74 हजार वर्षांपूर्वीच्या महास्फोटाची की त्याच टोबाच्या कितीतरी जुन्या स्फोटाची, यावर भांडण आहे. पण काचेवरून डोंगर ओळखायचा, ती युक्ती हीच.

खडकवेडी (8:52)

मान्य. हत्यार करण्याजोगी काच नाही, असं वाचा. बोरीच्या राखेचा एकेक कण पिठाएवढा.

सोनपारखी (बुधवार, दुपारी 2:15)

जळगावला सराफी दुकानात काम करतो. तापीकाठ, शनिवारी इकडे येणार असाल तर काटा माझा. आणि सोन्याचा कस बघायचं एक्सरेचं मशीनही आहे. तीस सेकंदांत कशात काय किती टक्के ते छापून देतं. त्यात ठेवू की तो दगड.

तापीकाठ (शनिवार, रात्री 8:30)

जाऊन आलो. सोनपारखी भाऊंनी कळण्याची भाकरी आणि ठेचा खिलवला, तो वेगळा धागा होईल.

काम असं झालं. भोकं एकही नाही. चुंबक हलला नाही. कोरडं वजन 14.2 ग्रॅम. मग काट्याखालच्या आकड्याला शिवणाचा दोरा बांधून दगड पेल्यातल्या पाण्यात सोडला. दगडाला चिकटलेला एक बुडबुडा काट्याला फसवत होता, तो काडीने काढला. वजन 8.2. फरक 6.0. भागाकार 2.37.

दुकानात दोन गिऱ्हाइकं मंगळसूत्र बघायचं सोडून आमच्याकडे बघत होती.

मग मशीन. चिठ्ठी आली: लोखंड 97 टक्के, बाकी किरकोळ, सोनं शून्य. म्हणजे हे लोखंड निघालं की काय? पण मग चुंबक का नाही लागला?

खडकवेडी (8:58)

2.37! अभिनंदन. हे ऑब्सिडियन आहे.

मशीन खोटं बोललं नाही, त्याला जेवढं दिसतं तेवढं सांगितलं. एक्सरे पडला की अणूच्या अगदी आतल्या कक्षेतला इलेक्ट्रॉन उडतो, बाहेरचा त्याच्या जागी उडी मारतो आणि जाताजाता ठरावीक ऊर्जेचा किरण सोडतो. तांब्याचा वेगळा, चांदीचा वेगळा. पण सिलिकॉन आणि ऑक्सिजन हलके, त्यांचा किरण इतका दुबळा की मधल्या हवेतच विरतो. सराफी मशीनला तो दिसतच नाही. त्याला शिकवलंय की दिसेल त्याची बेरीज शंभर करायची. दगडात लोखंड असेल पाच टक्के, पण दिसणाऱ्यांत तेच एकटं मोठं, म्हणून 97. अंधाऱ्या खोलीत फक्त टोप्या दिसत असतील तर मोजणारा म्हणेल, इथे सगळ्या टोप्याच आहेत.

सोनपारखी (9:10)

आमचे शेठ म्हणतात, सोनं शून्य ते मी नुसत्या डोळ्यांनी सांगितलं असतं.

निवृत्त मास्तर (9:35)

चला, काच ठरली. आता हे सांगा, तुकडा कुठल्या डोंगराचा हे ओळखतात कसं? रंगावरून?

खडकवेडी (रविवार, सकाळी 6:50)

रंगावरून ओळखायला जाणारे फसले. एकाच डोंगरात काळी, तपकिरी, करडी काच मिळते. हे कोडं सुटलं 1964 मध्ये. कॅन हे भूशास्त्राचे आणि रेन्फ्रू हे पुरातत्त्वाचे, दोघांनी मिळून भूमध्य समुद्राभोवतीचं ऑब्सिडियन तपासलं आणि दाखवलं की मुख्य घटक सगळीकडे सारखेच असले तरी त्यात दर दहा लाखांत अमुक भाग एवढेच असणारे जे घटक आहेत, बेरियम, झिर्कोनियम वगैरे, ते डोंगरागणिक बदलतात.

का बदलतात ते साखर कारखान्याच्या भाषेत सांगते. रस आटवला की साखरेचे स्फटिक बाजूला होतात आणि स्फटिकात न मावणारं सगळं मळीत उरतं. जमिनीखाली शिलारसाचं हेच होतं. स्ट्रॉन्शियमला फेल्डस्पार नावाच्या स्फटिकात जागा मिळते, म्हणून ते रसातून लवकर निघून जातं. रुबिडियमला कोणी घरात घेत नाही, ते मळीत साठत जातं. काच म्हणजे शेवटची मळी. किती वेळ आटली, मुळात रस कुठला होता, वाटेत कुठले खडक वितळून मिसळले, हे दर ज्वालामुखीचं निराळं. म्हणून रुबिडियम, स्ट्रॉन्शियम, यिट्रियम, झिर्कोनियम, निओबियम या पाचांचं प्रमाण काढलं की बहुतेकदा डोंगर सापडतो. आणि एका प्रवाहातली काच बव्हंशी एकजीव असते, कुठूनही तुकडा घ्या, आकडे तेच. हा गुण दुसऱ्या फार थोड्या दगडांत आहे.

पूर्वी तुकडा अणुभट्टीत न्यूट्रॉनच्या माऱ्याखाली ठेवायचे. उत्तर झकास मिळायचं, पण नमुना किरणोत्सारी होऊन बसायचा. आता हातात धरायचं एक्सरेचं यंत्र संग्रहालयात नेता येतं, ओरखडाही उठत नाही. ब्रिटिश म्युझियममधला जॉन डीचा काळा आरसा, इंग्लंडच्या पहिल्या एलिझाबेथ राणीच्या पदरचा ज्योतिषी तो, त्यात म्हणे त्याला आत्मे दिसायचे. 2021 मध्ये असं यंत्र लावून समजलं की तो मेक्सिकोतल्या पाचुकाच्या ऑब्सिडियनचा, म्हणजे अॅझ्टेकांचा.

आणि यातून काय काय निघालं! ग्रीसच्या फ्रँख्थी गुहेत सुमारे 13 हजार वर्षांपूर्वीच्या थरात मेलोस बेटाचं ऑब्सिडियन आहे. त्या काळची एक होडी सापडलेली नाही, बेटावर वस्ती व्हायला अजून हजारो वर्षं होती. पण काच पोहत येत नाही, म्हणजे माणसं दर्यात जात होती. पापुआ न्यू गिनीकडच्या तालासियाची काच पार बोर्निओत मिळाली, साडेतीन हजार किलोमीटरवर. तुर्कस्तानात चातालह्योयुक गावाला गोल्लू दा आणि नेनेझी दा या डोंगरांतून, जवळजवळ दोनशे किलोमीटरवरून, काच येत होती. रेन्फ्रू यांनी पुढे हिशेब मांडला: डोंगरापासून साधारण तीनशे किलोमीटरच्या आतल्या गावांत दगडी हत्यारांपैकी ऐंशी टक्क्यांहून जास्त ऑब्सिडियनची, त्यापलीकडे प्रमाण झपाझप उतरतं. एक गाव स्वतःला ठेवून उरलेलं पुढच्याला देतं, तो पुढच्याला. लग्नातल्या बुंदीच्या लाडवांची परात शेवटच्या पंगतीपर्यंत जाते तशी.

दिवाळीनंतर तापीकाठ पुण्याला येणार असतील तर ओळखीच्या विभागात हातातलं यंत्र आहे, विनंती करून बघते.

भरीतपुरी (7:30)

ताई, लाडू आमच्यापर्यंत कधीच आले नाहीत, बाकी सगळं पटलं.

तापीकाठ (तीन आठवड्यांनंतर, सोमवार, रात्री 9:40)

पुण्याला जाऊन आलो. निकाल ताईच सांगतील, मी फक्त दगड धरून बसलो होतो.

खडकवेडी (रात्री 10:15)

झिर्कोनियम भरपूर, स्ट्रॉन्शियम जवळजवळ नाही. म्हणजे सोडियम-पोटॅशियमने जड झालेली, फार आटलेली मळी. काठाचा हिरवट उजेड याच्याशी जुळतो, या जातीची काच बऱ्याचदा हिरवी असते. त्यामुळे मेलोस बाद, चातालह्योयुकचे ते दोन डोंगरही बाद. उरतात पूर्व आफ्रिकेची खचदरी, पूर्व तुर्कस्तानातले नेमरुत दा आणि बिंगोल, इटलीचं पांतेलेरिया बेट असे थोडे.

याच्यापुढे मी जाणार नाही. नाव सांगायला त्या त्या डोंगराचे तुकडे त्याच यंत्राखाली घालून जुळवावे लागतात, ते आमच्याकडे नाहीत. आणि नेमरुत दा नि बिंगोल एकमेकांपासून दीडेकशे किलोमीटरवर असून आकड्यांत इतके सख्खे भाऊ आहेत की कसलेल्या लोकांनाही घाम फुटतो.

सिंधूचा वारसा (10:22)

तुर्कस्तान!! म्हणजे मेसोपोटेमिया, तिथून हडप्पा, तिथून सुरत-भरूच, तापीने वर प्रकाशं! प्रकाश्याला हडप्पाच्या उतरत्या काळाशी नातं सांगणारी मडकी मिळाली आहेतच. चार हजार वर्षांपूर्वीचा आंतरराष्ट्रीय व्यापार खानदेशात, आणि पुरावा एका शेतकऱ्याच्या फडताळात! ही बातमी पेपरात यायला हवी. कोणाची ओळख आहे का?

केळीचा घड (10:25)

माय वं! बाटली म्हणणारा मीच का तो?

उत्खननाची माती (10:50)

थांबा थांबा. त्या साखळीतली कडी कुठे आहे? तुकडा प्रकाश्याच्या थरातून निघाला असता, वर-खाली काय होतं हे लिहिलेलं असतं, तर मी स्वतः पेढे वाटले असते. पण हा निघाला बिस्किटाच्या डब्यातून. डब्याचा काळ विसावं शतक.

निवृत्त मास्तर (11:05)

तुकड्याचं वय काढता येत नाही का? वाचल्यासारखं वाटतं.

खडकवेडी (11:20)

येतं, 1960 पासून पद्धत आहे. ताज्या तुटलेल्या ऑब्सिडियनच्या पृष्ठभागात हळूहळू पाणी मुरतं. त्या थराची जाडी, मिलिमीटरच्या हजाराव्या भागांत, मोजायची. पण मुरण्याचा वेग तपमानावर अवलंबून. जमिनीत खोल पुरलेल्या तुकड्याचा हिशेब बरा लागतो. हा किती उन्हाळे शहाद्याच्या 44-45 डिग्रीत पत्र्याच्या डब्यात भाजला, कोणास ठाऊक. शिवाय त्यासाठी तुकड्याची चकती कापावी लागते, ते मी करू देणार नाही.

डोळ्यांना दिसलं ते सांगते. धारेवरचे टवके भिंगाखाली अगदी ताजे आहेत. पुरलेल्या काचेवर धूसरपणा चढतो, मातीने घासलं जातं. इथे चकाकी कालची वाटते. आणि आकार तासणीचा आहे, एका टोकाला उभट, जाडसर धार, चामडं खरवडायला करतात तसं. चांभाराच्या रापीची थोरली बहीण म्हणा.

तापीकाठ, घरात कोणी म्हातारं माणूस आहे का? यंत्रापेक्षा त्यांना विचारा. आणि उरलेले तीस कुठले तेही. तुमच्या गावासाठी खरा ऐवज ते तीस आहेत.

सिंधूचा वारसा (11:31)

तीस तर साध्या गारगोट्या आहेत ना?

उत्खननाची माती (11:58)

साध्या म्हणू नका. डब्यातला एक गाभा, म्हणजे ज्यावरून पाती सोडवतात तो मूळ दगड, फोटोत आहे बघा, त्याच्या कण्यावर आधी दोन्ही बाजूंनी टवके काढून सरळ कंगोरा केलाय, मग त्या कंगोऱ्याच्या वाटेने पहिलं पातं सुटतं आणि त्यामागे एकसारखी पाती सुटत जातात. हे कसब आहे, गल्लीतल्या पोराचं काम नाही.

गंमत अशी की या दगडाचा डोंगर ओळखणं ऑब्सिडियनपेक्षा कितीतरी अवघड. गारगोटी, अकीक ही बेसाल्टच्या पोकळीत पाणी झिरपून थर थर साठलेली. एकाच गोट्याच्या दोन टोकांचे आकडे जुळत नाहीत. आणि नदीने तो गोटा कुठून कुठे आणून टाकला याचा पत्ता नाही. हडप्पाच्या अकीकावर रँडल लॉ यांनी काम केलंय, खाणीखाणींचे ढीगभर नमुने गोळा करून मग कुठे हडप्पाचा दगड गुजरातकडे बोट दाखवतो. तापीच्या वाळूत पसरलेल्या गारगोटीला असा माहेरचा डोंगरच नाही. म्हणून तिच्या बाबतीत सगळी मदार ती कुठे सापडली यावर.

निवृत्त मास्तर (मंगळवार, सकाळी 7:20)

पाटण्याच्या शहामृगाच्या मण्यांवर असं काही करता येईल का?

उत्खननाची माती (7:55)

सर, आफ्रिकेत केलंय. लेसोथोतल्या अशाच मण्यांच्या स्ट्रॉन्शियमच्या समस्थानिकांवरून, म्हणजे त्याच्या कमीजास्त वजनाच्या अणूंच्या प्रमाणावरून, 2020 मध्ये दाखवलं की काही मणी तीनशे किलोमीटरहून लांबून आले. शहामृग जिथलं गवत खाईल तिथल्या मातीची खूण टरफलात उतरते. आपल्याकडे कोणी केलं तर मी हमाली करायला तयार आहे.

तापीकाठ (रविवार, रात्री 9:05)

दोंडाईच्याला फुईकडे, म्हणजे आत्याकडे, गेलो होतो. वय 84, कान तिखट, जीभ त्याहून. डबा पुढे ठेवला. तिने काळा तुकडा उचलला, उजेडाकडे धरला आणि म्हणाली, "हाई काच व्हय? नानाकाकानी आणेल शे. चामडं खरडाना दगड शे तो."

नानाकाका म्हणजे आजोबांचे धाकटे भाऊ. गणित शिकवायचे. मला त्यांच्याबद्दल एवढंच माहीत होतं की ते "परदेशात" होते. परदेश म्हणजे इथिओपिया. फुई त्याला हबशी देशच म्हणते. हैले सेलासी बादशहा असताना तिथल्या शाळांवर भारतातून पुष्कळ मास्तर गेले होते, त्यातले हे एक. 1974 मध्ये बादशहाला खाली ओढलं, त्यानंतर वर्षभरात काका परतले. येताना कॉफीच्या बिया, एक पांढरी सुती शाल आणि हा दगड. फुईच्या आठवणीप्रमाणे त्यांच्या शाळेजवळ कातडी कमावणारा एक माणूस होता, लाकडी दांड्यात असे दगड डिंकासारख्या कशाने तरी चिकटवून कातडं खरवडायचा. धार गेली की तिथल्या तिथे टवका उडवायचा. काकांनी त्याच्याकडून मागून घेतला. आजोबांना दगडांचा नाद, म्हणून भावाला भेट.

त्या गावाचं नाव फुईला आठवत नाही. "काय तरी गुर-गुर होतं" एवढंच म्हणते.

खडकवेडी (9:22)

गुरागे असेल! राजधानी अदिस अबाबाच्या दक्षिणेचा मुलूख. तिथले कारागीर ऑब्सिडियनच्या तासण्या वापरायचे, विसाव्या शतकात अभ्यासकांनी शेजारी बसून नोंदी केल्यात. खचदरी तिथून लागूनच, आकडे जुळतात. अर्थात "गुर-गुर" म्हणजे गुरागे हा माझा अंदाज, यंत्राचा नाही.

सिंधूचा वारसा (9:30)

म्हणजे पन्नास वर्षांपूर्वीचा. बातमी गेली.

सोनपारखी (9:41)

भाऊ, पन्नास वर्षांपूर्वी एक माणूस दगडाच्या धारेने पोट भरत होता आणि त्याच वेळी आमच्या आळीत एक्सरेचं मशीन नव्हतं, कसोटीच्या दगडावरच सोनं घासत होते. दोन्ही दगडच की.

निवृत्त मास्तर (9:50)

आणि तीस गारगोट्या?

तापीकाठ (रात्री 10:34)

तेच सांगत होतो, मुलीला झोपवायला उठलो होतो.

फुईला विचारलं, या कुठल्या? तिने वर बोट केलं. मला वाटलं, देवाने दिल्या म्हणतेय. तर म्हणाली, धाब्यावरच्या.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: आमच्याकडच्या धाब्यावर दर वर्षी मिरगाच्या आधी पांढऱ्या मातीचा नवा थर टाकतात, नाहीतर पावसात घर गळतं. ती माती कुठूनही चालत नाही, गावच्या पांढरीवरचीच लागते. आजोबा बैलगाडीने आणायचे. ढेकळं फोडताना पोरांच्या हाताला अशा पात्या लागायच्या, फुईचा पाय एकदा कापला होता, घोट्यावरची खूण तिने दाखवली. आजोबा त्या वेचून डब्यात टाकायचे, पोरांच्या पायात जाऊ नयेत म्हणून. संग्रह वगैरे काही नव्हतं.

उत्खननाची माती (10:37)

पांढरी!! अहो पांढरी म्हणजेच जुनी वस्ती. शेकडो वर्षांची राख, शेण, भिंतींची माती साचून ती पांढरी होते. महाराष्ट्रात पुरातत्त्ववाले गावात शिरल्यावर आधी पांढरी कुठे आहे तेच विचारतात. ते टेकाड आहे का अजून?

तापीकाठ (10:41)

नाही. वीसेक वर्षांपूर्वी सपाट झालं. अर्धी माती गावाच्या धाब्यांवर गेली, उरलेली वावरांत. आता तिथे केळी आहे, ठिबकसकट.

उत्खननाची माती (10:43)

आणि तुमच्या धाब्याची माती? घर उतरवताय म्हणालात.

तापीकाठ (10:50)

गेल्या आठवड्यात उतरवली. अंगणात ढीग आहे. ट्रॅक्टरवाला उद्या सकाळी भराव टाकायला नेणार होता.

खडकवेडी (10:51)

त्याला फोन करा. आत्ता.

तापीकाठ (10:58)

केला. शिव्या खाल्ल्या. चार दिवस थांबतो म्हणाला.

उत्खननाची माती (11:10)

थर गेलेच आहेत, पण गाव पक्कं आहे, पांढरी पक्की आहे, हेही कमी नाही. माती बांधकामाच्या चाळणीने नको, पाचेक मिलिमीटरच्या जाळीची घ्या. दर पाटीमागे जे निघेल ते वेगळ्या पिशवीत, पिशवीत चिठ्ठी, पेन्सिलीने. शाई ओलीने पसरते. खापरं फेकू नका, हाडं तर नकोच. आणि कोणी विकत मागायला आलं तर 1972 च्या पुरावस्तू कायद्याचं नाव घ्या, परवान्याशिवाय हा धंदा चालत नाही. शुक्रवारी मी पोचतो.

केळीचा घड (11:15)

मीबी येतो. पाट्या उचलासाठे.

तापीकाठ (बुधवार, सायंकाळी 6:20)

दीड दिवसाचा हिशेब. बायको म्हणतेय, गव्हाची चाळण परत मिळणार नसेल तर तसं सांग. बावीस पाट्या चाळून झाल्या. सात पाती, त्यातली तीन अखंड. पाती सुटलेला एक गाभा, बोराएवढा. काळ्या रेघा ओढलेली लाल खापरं, मूठभर. लाल अकीकाचा मणी, भोकाशीच दुभंगलेला, दुसरा अर्धा अजून सापडला नाही. आणि एकोणिसाव्या पाटीत एक नया पैसा, 1962.

ढीग अजून कमरेएवढा आहे.